सप्ततारा पॅलेसची पांढरी चादर

सप्ततारा लेक पॅलेसच्या फाटकावर सिमेंटचे दोन हत्ती आहेत. हॉटेल उघडून अजून दोन वर्षं झाली नाहीत, पण एका हत्तीची सोंड गळून पडली आहे आणि तिथून लोखंडी सळई बाहेर आली आहे. सळईवर कोणीतरी झेंडूची माळ अडकवली होती. पाहुणे माळ बघतील, सळई बघणार नाहीत, असं मालकाला वाटत असावं.

मी सळईच पाहिली. मी चौतीस वर्षं एका सरकारी विश्रामगृहावर खानसामा होतो. चार खोल्या, आठ लोखंडी खाटा. कोणत्या साहेबाला पाच वाजता गरम पाणी लागतं आणि कोणाला कडक उशी लागते, हे मला पाठ होतं. पावसात छप्पर गळायचं, तेव्हा आम्ही खाट सरकवायचो आणि साहेबाला सांगायचो की छप्पर गळतं. त्याला आम्ही महाल म्हणत नव्हतो.

या हॉटेलात माझी सून रत्नमाला चौदा महिने कामाला होती. खोल्या झाडायच्या, पुसायच्या, चादरी बदलायच्या. मुलगा धर्मेंद्र बुटीबोरीला कंपनीत असतो, महिन्यातून एकदा येतो. घरचं बाकी सगळं तिच्याच कामावर चालतं. मागच्या मंगळवारी नागपूरचं एक कुटुंब इथे उतरलं. त्यांच्या चादरीवर तांबूस-पिवळे डाग निघाले. पाहुणीने आरडाओरडा केला की कोणीतरी खर्रा खाऊन हात पुसले आहेत. बुधवारी सकाळी हजेरीच्या वेळी मॅनेजर धनंजयने ती चादर अकरा बायांसमोर उलगडली आणि म्हणाला, "हे रत्नमालाबाईच्या खर्ऱ्याचे डाग."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलेला. आमच्याकडे पानठेल्यावर दिवसभर तेच घोटणं चालू असतं. रत्नमालाचा भाऊ ईश्वर त्यापायीच तोंडाच्या कॅन्सरने गेला, छत्तिसाव्या वर्षी. शेवटचे तीन महिने तिने त्याला नळीने पेज पाजली. धर्मेंद्रच्या खिशात एकदा पन्नी सापडली, तर तिने त्याला जेवायला अंगणात बसवलं. त्या बाईवर हा आळ.

तिला एक कागद देऊन घरी पाठवलं. कागदावर टाइप केलं होतं, 'माझ्या खर्रा खाण्याच्या सवयीमुळे हॉटेलची चादर खराब झाली, मी माफी मागते.' सोमवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत सही करून आणली तर नोकरी राहील. नाही आणली तर नोकरी जाईल आणि धनंजय पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत सगळ्या हॉटेलांना आणि वसतिगृहांना कळवेल. खर्रा थुंकणाऱ्या बाईला कोण आपल्या खाटांना हात लावू देईल?

रत्नमालाने कागद माझ्यासमोर ठेवला.

"सही केली तर काम राहील, मामाजी. पन मी खर्रा खाते असं माह्या हातानं लिहून देऊ?"

"नको देऊ," मी म्हटलं. "डाग कशाचे हायेत ते मी पाहून येतो."

"तुमाले कोन पाहू देईल?"

"राहून पाहीन. पावना म्हनून."

ती हसली नाही. म्हणाली, "एका रातचं भाडं मालूम हाय का?"

मला माहीत होतं. पेन्शन म्हाताऱ्याची असते, ती कुठे घालवायची हे म्हातारा ठरवतो.

रविवारी दुपारी मी पिशवी घेऊन फाटकावर पोचलो. चौकीदार नत्थू जुन्या गावातला माझा शेजारी. धरणात गाव गेलं तेव्हा आम्ही दोघं एकाच ट्रकमधून पुनर्वसनात आलो होतो. त्याने डोक्यावर सोनेरी काठाचा फेटा बांधला होता आणि पायांत प्लास्टिकच्या चपला होत्या.

"परसराम, तू अथी काय करून राहिला?"

"राहाले आलो."

"कोनाकडं?"

"कोनाकडं म्हंजे? खोली घेतली बे. पिशवी पकड."

नत्थूने माझ्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं, मग फेटा सरळ करून सलाम ठोकला. तो सलाम इतका वाईट होता की मी त्याला परत करायला लावला.

"तूच चौकीदार, तूच हमाल?"

"अन् बटलर," नत्थू म्हणाला. "पत्रकावर बटलर लिहिलं हाय ना, थो मीच. फाटकावर फेटा घालतो, खोलीत गेलो का काढतो. मंग बटलर."

पत्रक माझ्या खिशात होतं. ते मी घरी दोनदा वाचलं होतं. जाड, गुळगुळीत कागद. खोलीला त्यांनी 'जलदर्शनी महाराजा सूट' म्हटलं होतं. मी खिडकीचा पडदा सारला. समोर जनरेटरची टिनाची शेड होती. शेडच्या डाव्या बाजूने मान वाकडी केली की धरणाच्या पाण्याची एक पट्टी दिसायची. माझ्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्याच पाण्याखाली आहेत. त्या पाण्याकडे मान वाकडी करून बघायचे हे लोक वेगळे पैसे घेतात.

पलंगावर सात उशा होत्या. माणसाला डोकं एक असतं. सातही उशा मी दाबून पाहिल्या, आत स्पंजाचे तुकडे. चहाची किटली टेबलाला साखळीने बांधलेली होती. आमच्या विश्रामगृहात पितळी गडवा उघड्यावर असायचा, भंडाऱ्याच्या कासाराकडून आणलेला, आणि तो चौतीस वर्षांत एकदाही चोरीला गेला नाही. ज्याला आपल्या पाहुण्यावर किटलीपुरताही भरवसा नाही, त्याने पाहुण्याला महाराजा म्हणू नये.

पोहण्याचा तलाव बघायला गेलो. पत्रकात तो 'अनंत तलाव' होता, त्याची कड म्हणे धरणाच्या पाण्यात मिसळून जाते. ती कड शेवाळाने हिरवी झाली होती आणि तिच्यावर पाच बेडकं ओळीने बसली होती. शेजारी पाटी होती, 'देखभालीसाठी तात्पुरता बंद'. पाटीवरची अक्षरं उन्हाने उडून गेली होती.

जेवायला 'झाडीपट्टीची अस्सल राजेशाही थाळी' मागवली. पनीर आलं. आमच्या कोणत्या झाडीत पनीर उगवतं ते मला सांगता आलं नाही. मासा धरणाचा ताजा म्हणून वाढला, पण तो बर्फात इतके दिवस राहिला होता की तोंडात कापसासारखा लागला. आणि भात! धानाच्या जिल्ह्यात बसून या लोकांनी मला लांबलचक, वासाचा, पाकिटातला तांदूळ वाढला. आसगावकडे एवढा धान पिकतो की रस्त्यावर वाळत घातलेला असतो. यांच्या ताटात मात्र तो नाही, कारण तो इथला आहे.

पण मी जेवायला आलो नव्हतो. मी चादर बघायला आलो होतो.

पत्रकात 'हिमशुभ्र चादरी' असं होतं. पलंगावरची चादर दुरून पांढरी दिसत होती. मी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. कडेला, शिवणीत, घडीच्या रेषेवर पिवळसर झाक होती. दोन ठिकाणी तांबूस ठिपके होते. म्हणजे माझ्या खोलीतही डाग. आणि रत्नमाला तर बुधवारपासून कामावर नव्हती.

मग मी न्हाणीघरात गेलो. नळाखाली बेसिनवर वरपासून खालपर्यंत एक तांबडी रेघ उमटली होती. बादलीच्या तळाला तांबडा गाळ. पत्रकात यालाच 'भूगर्भातील नैसर्गिक खनिजयुक्त जलस्नान, त्वचेला राजेशाही तेज' असं छापलं होतं.

नत्थू चहा घेऊन आला. फेटा काढलेला होता, म्हणजे तो बटलर होता.

"नत्थू, पानी कोठचं?"

"बोरचं. चारशे फूट. शेठ म्हनते, जमिनीतलं औषध हाय."

"चादरी कुठं धुते?"

"मांगं मशीन हाय. त्याच पान्यात."

"पिवळ्या पडल्या का?"

"तं का? पडल्याच. मॅनेजर म्हनते, अजून ब्लीच टाका. जेवढं ब्लीच टाकते तेवढ्या पिवळ्या पडते. मले वाटते कपडाच हलका हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या विश्रामगृहाच्या विहिरीचं पाणी असंच होतं, लोहाचं. उपसलं तेव्हा काचेसारखं, एक दिवस ठेवलं की तळाला तांबडं. म्हणून आम्ही चादरी नदीवर धुवायचो आणि ब्लीचला हात लावत नव्हतो. एकदा नवीन सफाईवाल्याने विहिरीच्या पाण्यात ब्लीच टाकून आठही चादरी बुडवल्या. त्या अशा पिवळ्या निघाल्या की इंजिनिअर साहेबांनी मला विचारलं, परसराम, इथे कोणाला हळद लावलीस काय? लोहाच्या पाण्यात ब्लीच घातलं की गंज कपड्यात बसतो. हे आमचा सफाईवाला एका दिवसात शिकला. या पॅलेसमधले सगळे साहेब अजून शिकले नव्हते.

सकाळी पाच वाजता गरम पाणी नव्हतं. पत्रकात चोवीस तास लिहिलं होतं. मी रिसेप्शनला फोन केला, कोणी उचलला नाही. थंड पाण्यानेच आंघोळ केली. खोकल्यासाठी मी तोंडात हिरडा धरतो, जंगलातून आणलेला, सुकवलेला. गुळणी करताना त्याचा तुकडा पाण्याच्या ग्लासात पडला. दाढी करून वळलो तर ग्लासातलं पाणी काळंनिळं झालं होतं, शाईसारखं. ही गोष्ट आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना माहीत असते. हिरड्याला लोह भेटलं की काळं होतं. जुने लोक याचीच शाई करायचे.

मी खिशातले बाकीचे हिरडे मोजले नाहीत, पण पुरतील एवढे होते.

साडेआठला रत्नमाला आली. गणवेश धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घातलेला. कागद हातात, सही नसलेला. मी तिला रिसेप्शनसमोर माझ्या शेजारच्या सोफ्यावर बसवलं. काउंटरवरून धनंजय धावत आला. तो नागपूरचा, तिशीतला, गळ्यात टाय.

"बाई, तुम्ही इथं नाही बसायचं. हे गेस्टसाठी आहे."

"माझी पाहुणी आहे," मी म्हटलं. "मी महाराजा सूटमध्ये उतरलोय. मला तक्रार करायची आहे."

त्याने माझ्या धोतराकडे पाहिलं, मग रजिस्टरमध्ये पाहिलं, आणि आवाज बदलला. "हो सर. बोला ना सर. काय प्रॉब्लेम?"

"चादरीला डाग हायेत. कोनत्या बाईनं खर्रा खाल्ला ते सांगा."

तेवढ्यात मालक घनश्याम शेठ आला. पूर्वी रस्त्याचे ठेके घ्यायचा. त्याच्या गालात खर्ऱ्याचा गोळा होता, म्हणून तो हनुवटी वर करून बोलत होता, नाहीतर रस सांडला असता. त्या हनुवटीखालीच बायकांना खर्ऱ्यावरून काढायचे कागद टाइप होत होते.

"काय भानगड हाय?" शेठ छताकडे बघत म्हणाला.

"शेठ, हे रत्नमालाबाईचे सासरे आहेत," धनंजयच्या आता लक्षात आलं होतं. "तमाशा करायला आलेत."

"भाडं देल्लं हाय मी तमाशाचं," मी म्हटलं. "ते मंगळवारची चादर आना. अन् एक कप गरम पानी. बाटलीतलं, बोरचं नाही."

शेठ तयार झाला, कारण शेजारच्या टेबलांवर दोन कुटुंबं नाश्ता करत होती आणि सगळे आमच्याकडे बघत होते. पुरावा म्हणून धनंजयने चादर कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. आयुष्यात त्याने नीट जपलेली ती एकच वस्तू असेल.

मी हिरडे नत्थूकडून पाट्यावर कुटून घेतले आणि गरम पाण्यात कालवले. चादर टेबलावर पसरली. डाग मोठे होते, तळव्याएवढे.

"हा खर्ऱ्याचा डाग, असं तुमचं म्हननं हाय."

"दिसतंय ना," धनंजय म्हणाला.

"मंग खरा खर्रा बी शेजारी पाहिजे. शेठ, या कोपऱ्यावर थुंका."

"काय?"

"थुंका. चादर खराबच हाय."

शेठची हनुवटी आणखी वर गेली. तो थुंकला नाही. नत्थू पुढे आला, खिशातून पन्नी काढली आणि म्हणाला, "माह्याजवळ हाय ना जी. शेठले कायले तरास?" त्याने खर्रा बोटाने ओला केला आणि स्वच्छ कोपऱ्यावर असा घासला, जसा काही देवाला गंध लावतो आहे.

"अरे पागल, हॉटेलची चादर आहे!" धनंजय ओरडला.

"साहेब, मी बटलर हाय," नत्थू म्हणाला. "पावना सांगते थे करा लागते."

मी हिरड्याचं पाणी दोन्ही जागी ओतलं. जुन्या डागांवर आणि नत्थूच्या ताज्या डागावर.

"आता चहा सांगा," मी म्हटलं.

कोणी चहा सांगितला नाही. आम्ही बसून राहिलो. रत्नमाला चादरीकडे बघत नव्हती, ती धनंजयकडे बघत होती. नाश्त्याच्या टेबलावरची एक बाई पोहे तसेच ठेवून उठून आली आणि चष्मा लावून उभी राहिली. थोड्या वेळाने जुने डाग कडेपासून करडे व्हायला लागले. मग निळसर. मग असे काळे झाले की जणू कोणी दौत सांडली. नत्थूचा खर्रा होता तसाच राहिला, तांबडा.

"लोह हाय," मी म्हटलं. "तुमच्या बोरचं. त्याच्यात ब्लीच टाकून टाकून तुमी चादरीले गंज चढवला. हाताचा डाग असता तर त्या कोपऱ्यासारखा राहिला असता."

चष्मेवाली बाई म्हणाली, "म्हणजे आम्ही याच पाण्याने आंघोळ करतोय?"

"हो जी. पत्रकात लिहिलं हाय ना, राजेशाही तेज."

ती आपल्या नवऱ्याकडे गेली आणि दोघं हळू आवाजात बोलायला लागले. शेठने बाहेर जाऊन कुंडीत पिंक टाकली आणि मोकळ्या तोंडाने परत आला. आता त्याची हनुवटी खाली होती.

"काकाजी, मोठ्यानं कायले बोलता? बोर आता बंद करता येत नाही, पत्रकं छापली हायेत." मग रत्नमालाकडे वळून म्हणाला, "बाई, तू आजपासून कामावर ये. तो कागद फाड. विषय खतम."

मला वाटलं ती नाही म्हणेल. मी असतो तर गणवेश त्याच्या टेबलावर टाकून निघून आलो असतो. असल्या जागेत कोण राहील? जिथे किटलीला साखळी आहे आणि बाईच्या इज्जतीला मात्र नाही.

रत्नमाला उभी राहिली. "कागद मी फाडणार नाही. ज्यानं टाइप केला त्यानं फाडावा."

धनंजयने शेठकडे पाहिलं, शेठने मान हलवली. धनंजयने कागद घेतला आणि दोन तुकडे केले.

"झालं?" शेठ म्हणाला.

"नाही जी. बुधवारी साहेब हजेरीत बोलले होते, अकरा जनींसमोर. नऊ वाजले. हजेरी लागली असंल. तथी सांगा."

"असं कुठं असते बाई," शेठ म्हणाला. "मॅनेजरचा रुतबा जाईल."

"माहा गेला तवा तुमी कुठं होते?"

शेठने नाश्त्याच्या टेबलांकडे पाहिलं. चष्मेवालीचा नवरा फोनमध्ये काहीतरी लिहीत होता. "जा रे," शेठ धनंजयला म्हणाला. "दोन शब्द बोल अन् मोकळा हो."

हजेरी मागच्या पडवीत होती. अकरा बाया भिंतीला लागून उभ्या होत्या. मी आणि नत्थू दारात थांबलो. धनंजय टाय चाचपत म्हणाला, "बुधवारी एक गैरसमज झाला होता. तो मिटला आहे. चला, कामाला लागा."

कोणी हललं नाही. रत्नमालाने विचारलं, "कोनाचा गैरसमज, साहेब?"

"म्हणजे, आपला सगळ्यांचा."

"माहा तं नोहता. बायजाबाई, तुमचा होता का?"

ओळीतली म्हातारी बायजाबाई म्हणाली, "माहा कायले? मी तं तवाच म्हनलं, हे बाई सुपारीबी खात नाही."

"मंग कोनाचा?"

धनंजयचे कान लाल झाले. "माझा."

"अन् डाग?"

"पाण्याचे होते."

"जोरात बोला जी, मागं आयकू येत नाही," बायजाबाई म्हणाली, आणि ओळीत एक हसू पसरलं.

"डाग पाण्याचे होते. रत्नमालाबाईंचा काही दोष नव्हता." एवढं बोलून तो वळला आणि दारात उभ्या आम्हा दोघांमधून वाट काढत निघून गेला. त्याचा धक्का मला लागला. 'सॉरी सर' म्हणायचं त्याला सुचलं नाही. मी अजून पाहुणा होतो.

मी खोलीत आलो आणि पिशवी भरायला बसलो. घाई नव्हती. पवनीची एसटी साडेबाराला होती. पलंगावर पाय पसरून मी पत्रक आणखी एकदा वाचलं, त्यातल्या किती ओळी खऱ्या आहेत ते पाहायला. फोन नंबर खरा होता, पण तो कोणी उचलत नव्हतं.

दारावर टकटक झाली. रत्नमाला होती. गणवेश घातलेला, छातीवर नावाची पट्टी, मागे चादरींची गाडी.

"मामाजी, अकरा वाजले. खोली खाली करा लागते."

"गाडी साडेबाराले हाय. बसतो ना थोडा."

"नियम हाय जी. दुसरे पावने खाली बसून हायेत."

"सून असून सासऱ्याले बाहेर काढतं?"

"बाहेर बाकडा हाय. नत्थूभाऊ पानी देईल, बाटलीतलं." ती माझ्या बाजूने आत आली आणि मी बसलो होतो तिथूनच तिने चादरीचं टोक ओढलं. मला उठावंच लागलं. तिने चादर उजेडात धरली, डाग पाहिले, वेगळ्या ढिगात टाकली आणि सातही उशा एकामागून एक झटकायला लागली.

मी पिशवी उचलली. चौतीस वर्षांत कोणत्याच साहेबाला इतक्या सरळपणे बाहेर काढायची माझी हिंमत झाली नव्हती.